आवश्यकतेनुसार

पत्र आलं मंगळवारी, गॅसच्या बिलासोबत.
जोडीनं ते उभ्यानंच वाचलं, कोटही न काढता,
आणि माझ्याकडे सरकवलं.
मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
रुबेनला वाचा-उपचारांची संधी
आवश्यकतेनुसार उपलब्ध करून देण्यात येईल.

एकतीस वर्षं मी बॅरोच्या गोदीत वेल्डर होतो.
पाणबुडीच्या पोटात पालथं पडून जे सांधे भरले
ते आता कुठल्या समुद्राखाली आहेत
मला कुणी सांगणार नाही, मी विचारतही नाही.
पण एकाही ड्रॉइंगवर
आवश्यकतेनुसार असं लिहिलेलं पाहिलं नाही.
तिथे असायचं: इतके मिलिमीटर, अमुक कांडी,
लोखंड आधी किती तापवायचं,
तपासणार कोण, त्याची सही कुठे.
आवश्यकतेनुसार सांधलेली पाणबुडी
एकदाच बुडी मारते.

"संधी म्हणजे नक्की काय गं?"
"दार," जोडी म्हणाली. "भिंतीवर रंगवलेलं."

रुबेन नऊ वर्षांचा.
सकाळी जिना उतरताना म्हणतो,
आठ बावन्न, नऊ पूर्णांक एक मीटर.
हे त्याचं गुड मॉर्निंग.
मी विचारतो, रात्रीची?
एकवीस सतरा, तो म्हणतो, आणि टोस्टच्या कडा तोडतो.
भरतीचं सगळं त्याच्या जिभेवर आहे.
दुखतंय, नको, थांबा,
यांतलं काहीच नाही.
मार्चमध्ये मोडलेली करंगळी घेऊन
तो दिवसभर वर्गात बसला होता.
शाळेच्या फाटकापाशी आईनं हातमोजा ओढला
तेव्हा कळलं.

अपिलाला दोन महिन्यांची मुदत.
जोडी वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची,
सकाळी इतरांचे अहवाल वाचायची,
तिच्या मुलाला एकदाच, चाळीस मिनिटं भेटलेल्या माणसांचे.
तीनशे सत्तावीस पानं.
दोनशे चौदाव्यावर लिहिलं होतं,
आई काहीशी चिंतातुर वाटते.
त्या ओळीवर तिनं चहाचा कप ठेवला, मुद्दाम,
आणि तो गोल डाग तसाच जोडून पाठवला.

सुनावणी स्वयंपाकघरातच झाली.
लॅपटॉप ब्रेडच्या डब्यावर टेकवलेला, पडद्यावर तीन चेहरे,
आणि चौथ्या चौकटीत कौन्सिलच्या मिस ऑल्डक्रॉफ्ट.
त्यांच्या मागच्या कपाटावर कुणा पोरानं काढलेला जिराफ चिकटवला होता.
मला त्यांचा राग धरता येईना. याचाच राग आला.
"आवश्यकता ठरवणार कोण?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.
मिस ऑल्डक्रॉफ्ट कागद चाळत राहिल्या.
"त्या-त्या वेळची परिस्थिती."
मी न बोलण्याचं कबूल केलं होतं,
म्हणून टेबलाची कड घट्ट धरली.
जोडी म्हणाली,
"माझं पोर समुद्राची वेळ मिनिटासकट सांगतं.
तुम्हाला त्याचे तास सांगता येत नाहीत?"
वर जिन्यात कुणीतरी हळूच म्हणालं, चौदा शून्य आठ.

पाच आठवड्यांनी निकाल आला.
दर आठवड्याला एकदा, पंचेचाळीस मिनिटं,
प्रशिक्षित थेरपिस्टकडून, शाळेच्या वेळेत.
जोडी रडली नाही, झोपली,
बूट घालूनच, दुपारी दोनला.
मी ते वाक्य बोटानं चाचपत होतो,
सांधा थंड झाल्यावर चाचपायचो तसं.
पोकळ कुठे लागलं नाही.

आता शाळा म्हणते, थेरपिस्टची जागा रिकामी आहे,
जाहिरात दिलीय, जरा धीर धरा.
दोन गुरुवार गेले.
नव्वद मिनिटं.
मी कॅलेंडरवर लिहून ठेवतो,
तारीख, थकलेली मिनिटं, खाली सही.
पुढचं पत्र त्यातूनच निघेल.
माझ्या सहीखाली रुबेन
त्या दिवसाची भरती लिहितो.
ती आलेली असते.